हेमकुंड साहिब: कुटुंबासह यात्रेची तयारी, घरच्या जिन्यापासून परतीच्या उतारापर्यंत

गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली नांदेडला गोदावरीच्या काठी देह ठेवला. ‘बचित्तर नाटक’ या रचनेत त्यांच्या पूर्वजन्मीच्या तपाचा उल्लेख आहे आणि ते तप जिथे झाले ते स्थान म्हणून सात शिखरांनी शोभणाऱ्या हेमकुंट पर्वताचे वर्णन आहे. सचखंड हजूर साहिबच्या छायेत वाढलेल्या नांदेडकरांना म्हणूनच हेमकुंडाचे नाव परके वाटत नाही. ज्या गुरू ग्रंथ साहिबात आपल्या संत नामदेवांची पदे आहेत, त्याचा प्रकाश, म्हणजे तो विधिपूर्वक उघडून मांडलेला, इतक्या उंचीवर पाहावा, ही ओढ वारकरी घरांतही असते. उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात सुमारे ४,३०० मीटर उंचीवर हे सरोवर आहे. भ्यूंडार खोऱ्यातील लोक त्याला पूर्वापार लोकपाल म्हणतात आणि त्याच्या काठी लक्ष्मणाचे मंदिर आहे. शीख यात्रेकरूंना हे स्थान १९३० च्या दशकात संत सोहनसिंग आणि हवालदार मोदनसिंग यांच्या शोधातून गवसले.

आमच्या घरातून ही यात्रा दोनदा झाली. पहिल्या वेळी आम्ही सुट्टीच्या दिवसांत यात्रा बसवली, आणि तीच आमची चूक ठरली. दुसऱ्या वेळी घरातील सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या पावलाने दिवस मोजले, ते माणूस म्हणजे माझ्या सासूबाई. या लेखातील सगळा सल्ला त्या एका फरकातून आला आहे.

कोणी जावे, हे आधी ठरवा

४,३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ ६० टक्के उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही तेवढाच उरतो. त्यामुळे श्रद्धा कितीही मोठी असली, तरी तिकिटे काढण्यापूर्वी डॉक्टरांकडे जाणे हीच यात्रेची पहिली पायरी समजावी. हृदयविकार, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, आटोक्यात नसलेला रक्तदाब, दमा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी स्वतःच्या मनाने निर्णय घेऊ नये. पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकाने ईसीजी आणि रक्ततपासणी करून घ्यावी. डॉक्टरांना नुसते “तीर्थयात्रेला जातोय” असे सांगून भागत नाही, कारण ते पंढरपूर किंवा शिर्डी गृहीत धरतात. “४,३०० मीटर उंची, त्याच दिवशी १,२०० मीटरची चढाई आणि तेवढाच उतार” असे नेमके सांगावे.

अगदी लहान मुलांचा प्रश्न अवघड आहे. ज्या मुलाला “डोके दुखते” किंवा “मळमळते” हे शब्दांत सांगता येत नाही, त्याला उंचीचा त्रास होतो आहे की ते नुसते चिडचिड करते आहे, हे आईलाही ओळखता येत नाही. माझे स्पष्ट मत असे, की अशा मुलासह घरातील एकाने चढाईच्या पायथ्याच्या घांघरिया गावी थांबावे आणि बाकीच्यांनी वर जावे. तिथल्या गुरुद्वाऱ्यात बसून केलेला पाठ गुरूंच्या चरणी पोहोचत नाही असे कोणीच म्हणणार नाही.

केव्हा जावे

दरवर्षी साधारण मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला गुरुद्वाऱ्याचे कपाट, म्हणजे दार, उघडते आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते बंद होते. त्याआधी लष्कराचे जवान आणि सेवादार बर्फ कापून वाट मोकळी करतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती असतात. मुलांना त्याचा आनंद होतो, पण घसरण्याची भीती मोठी असते. जुलै आणि ऑगस्टमध्ये जवळची फुलांची घाटी (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स) बहरात असते. सरोवराच्या वाटेवर ब्रह्मकमळे दिसू लागतात ती पावसाच्या उत्तरार्धात. मात्र याच महिन्यांत दरडी कोसळून रस्ता तासन्‌तास, कधी दिवसभर बंद राहतो. गढवालमधले श्रीनगर आणि रुद्रप्रयाग यांच्यामधील सिरोबगड आणि पिपलकोटीच्या पुढचा पागल नाला ही नावे चालकांच्या तोंडी सतत असतात. वयस्क माणसे बरोबर असतील तर मी सप्टेंबरचा मध्य ते अखेर हा काळ निवडेन. तेव्हा आकाश स्वच्छ असते, गर्दी ओसरलेली असते, आणि थंडी वाढलेली असली तरी पावसात भिजून येणारी थंडी नसते.

तीन महिने आधी: पाय आणि श्वास

आपल्याकडच्या माणसाला ही चढाई समजावून सांगायची तर सिंहगडाचे माप सोपे पडते. आतकरवाडीपासून गडावर जाताना जेवढे चढावे लागते, त्याच्या दुप्पट चढ घांघरिया ते हेमकुंड या ६ किलोमीटरमध्ये आहे, आणि तोही विरळ हवेत. त्याच्या आदल्या किंवा त्याच्याही आधीच्या दिवशी गाडीरस्ता संपतो ते पुलना ते घांघरिया अशी सुमारे १० किलोमीटरची वाट चालून झालेली असते, हेही लक्षात ठेवावे.

पहिल्या महिन्यात रोज ४० ते ५० मिनिटे न थांबता सपाटीवर चालावे. वेग असा असावा की चालताना शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येईल. वाक्य मध्येच तुटू लागले तर वेग कमी करावा. डोंगरावरही हाच नियम पाळायचा आहे, म्हणून त्याची सवय घरीच लावावी. दुसऱ्या महिन्यापासून जिने घ्यावेत. इमारतीचे चार मजले चढून उतरणे ही एक फेरी धरली, तर पाच फेऱ्यांपासून सुरुवात करून महिनाअखेर पंधरावर यावे, आणि पाठीवर तीन-चार किलोंची पिशवी घ्यावी. उतरताना लिफ्ट वापरण्याचा मोह टाळावा, कारण हेमकुंडाहून परतताना मांड्या आणि गुडघे जे सोसतात त्याची तयारी जिना उतरूनच होते. पहिल्या यात्रेत आमच्यापैकी तिघांचे गुडघे चढताना नव्हे, उतरताना बोलू लागले होते. तिसऱ्या महिन्यात दर रविवारी एखादा गड किंवा डोंगर करावा. पुण्याकडच्यांना सिंहगड, नाशिककरांना कळसूबाई आणि मराठवाड्यातल्यांना देवगिरीच्या पायऱ्या चालतील. जे बूट हेमकुंडाला न्यायचे तेच या सरावात घालावेत. नवे बूट थेट बदरीनाथ रस्त्यावरच्या गोविंदघाटावर बाहेर काढणाऱ्याच्या टाचेला पहिल्याच दिवशी फोड येतात.

नोंदणी, मुक्काम आणि पैसे

उत्तराखंड शासनाच्या यात्रा नोंदणीच्या संकेतस्थळावर प्रत्येकाची नोंदणी करून तिच्या छापील प्रती जवळ ठेवाव्यात. ओळखपत्राची मूळ प्रत आणि डॉक्टरांचे कागद एकाच पाणबंद पाकिटात असावेत.

मुक्कामासाठी ऋषिकेश, श्रीनगर, जोशीमठ, गोविंदघाट आणि घांघरिया येथे गुरुद्वारे आहेत. तिथे जात, धर्म, प्रांत काही न विचारता जागा, ब्लँकेट आणि लंगर मिळतो. शुल्क नसते, पण गोलक, म्हणजे दानपेटी, असते, आणि हॉटेलला जे दिले असते त्याचा काही भाग तरी तिथे टाकावा असे मला मनापासून वाटते. गर्दीच्या दिवसांत मोठ्या दिवाणखान्यात सगळ्यांबरोबर झोपावे लागते. रात्री वारंवार उठावे लागणाऱ्या वृद्धांसाठी घांघरियातील एखाद्या साध्या हॉटेलात खोली आधी ठरवलेली बरी. रोख रक्कम जोशीमठपर्यंतच काढून घ्यावी आणि ती सुट्ट्या नोटांत असावी. पुढे घोडेवाला, चहावाला, पालखीवाला सगळ्यांना रोख लागते आणि नेटवर्कचा भरवसा नसतो.

दिवस कसे आखावेत

मुंबईहून हरिद्वारला थेट रेल्वेगाडी मिळते. नांदेड किंवा पुण्याकडून दिल्लीमार्गे जाणेही सोयीचे पडते. ऋषिकेश ते गोविंदघाट हे अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर आहे. नकाशावर ते एका दिवसाचे दिसते, आणि धावणाऱ्या गाड्या ते एका दिवसात कापतातही. कुटुंबाने तसे करू नये. पहाटे ऋषिकेश सोडून संध्याकाळी पिपलकोटी किंवा जोशीमठला थांबावे. डोंगरातल्या रस्त्यांवर रात्री वाहतूक बंद ठेवतात, त्यामुळे दुपारी रेंगाळलेले लोक भलत्याच गावात अडकतात.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा. पहिल्या यात्रेत आम्ही जोशीमठहून निघून त्याच दिवशी घांघरिया गाठले आणि दुसऱ्या पहाटे थेट हेमकुंडाकडे चढू लागलो. वाटेतल्या अटलाकोटीच्या वर माझ्या धाकट्या दिरांचे डोके दुखू लागले. “आता इतके जवळ आलो आहोत” असे आम्हीच त्यांना म्हणालो. अर्ध्या तासाने ते वाटेच्या कठड्याला धरून ओकत होते, ओठ निळसर झाले होते, आणि खांद्यावर पाण्याची कॅन घेऊन वर चाललेल्या एका वयस्कर सेवादारांनी कॅन खाली ठेवून आम्हाला सांगितले, “पुत्तर, इन्हें अभी नीचे ले जाओ, बाबाजी नीचे भी हैं.” नवऱ्याने त्यांना हात धरून उतरवले. घांघरियाला पोहोचेपर्यंत त्यांची डोकेदुखी ओसरली होती. त्या दिवशी आम्हाला कोणी रागावले नाही, पण मला माझाच राग आला.

दुसऱ्या वेळी आम्ही जोशीमठनंतर आधी बदरीनाथला गेलो. बदरीनाथ सुमारे ३,१०० मीटरवर आहे आणि गोविंदघाटाच्या पुढे जेमतेम २५ किलोमीटर आहे. तिथे दर्शन आणि एक रात्र मुक्काम झाला, म्हणजे शरीराला तेवढ्या उंचीवर झोपण्याची सवय झाली. परतताना गोविंदघाटला उतरून पुलनामार्गे घांघरिया गाठले. घांघरियाही साधारण ३,०५० मीटरवर असल्याने तिथे कोणालाच जड गेले नाही. तिथला दुसरा दिवस फुलांच्या घाटीसाठी ठेवला. ज्यांना एवढे चालायचे नव्हते ते गावातच हळूहळू फिरले. हेमकुंड तिसऱ्या दिवशी केले. सगळ्या आराखड्यात दोन दिवस रिकामे ठेवले होते, त्यांतला एक दरडीने खाल्ला आणि एक ऋषिकेशला गंगेकाठी सत्कारणी लागला. परतीचे रेल्वे तिकीट याच हिशोबाने काढावे. परतीची गाडी चुकेल या भीतीने पावसात वर चढणारी कुटुंबे मी पाहिली आहेत.

उंचीचा त्रास ओळखणे

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, चक्कर, झोप न येणे ही पहिली लक्षणे होत. ती दिसली की वर जाणे थांबवावे, विश्रांती घ्यावी, पाणी प्यावे. लक्षणे वाढली तर खाली उतरावे. स्वस्थ बसलेले असतानाही दम लागणे, सतत खोकला, छातीत घरघर, बोलण्यात गोंधळ, सरळ रेषेत चालता न येणे यांपैकी काहीही दिसले, तर वेळ, अर्धवट दर्शन, उरलेले अंतर यांचा विचार न करता त्या क्षणी माणसाला खाली न्यावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. ही अवस्था जिवावर बेतू शकते.

ॲसिटाझोलामाइड ही गोळी प्रतिबंधासाठी काही जण घेतात. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर उपयोगी पडते, पण गारठलेल्या बोटावर ते चुकीचा आकडा दाखवते आणि आकडा चांगला असला म्हणून लक्षणे खोटी ठरत नाहीत. बाजारात मिळणारे प्राणवायूचे छोटे डबे काही मिनिटेच पुरतात. त्यांच्या भरवशावर आजारी माणसाला वर नेऊ नये. झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. मधुमेहींनी इन्सुलिन पिशवीत वरच्या बाजूला न ठेवता अंगालगत ठेवावे, कारण ते गोठले तर निकामी होते. रक्तदाबाच्या गोळ्या “आज देवाच्या दारी आहोत” म्हणून चुकवू नयेत. दोन माणसांना तरी घरातील सर्वांची औषधे आणि मात्रा तोंडपाठ असाव्यात.

आणखी एक गोष्ट घरीच ठरवावी: कोणाला त्रास झाला तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार. त्याचे नाव निघण्याआधी सर्वांसमोर ठरलेले असावे. वर गेल्यावर हा प्रश्न काढला की प्रत्येक जण दुसऱ्याच्या दर्शनासाठी स्वतःचा त्रास लपवतो. आपल्या घरांतल्या बायका तर हमखास लपवतात.

सामान

सुती बनियनऐवजी लवकर सुकणारा आतला थर, त्यावर लोकरीचा किंवा फ्लीसचा थर आणि सर्वांत वर पाणी व वारा अडवणारे जाकीट, असे तीन थर पुरेसे होतात. जीन्स भिजली की सुकत नाही आणि पाय गारठतात, म्हणून ती नेऊ नये. लोकरीचे मोजे तीन जोड, हातमोजे, कान झाकणारी टोपी, गॉगल, टॉर्च, वेगळा रेनकोट, शिटी. काठ्या आणि प्लास्टिकचे पोंचो गोविंदघाटला स्वस्तात मिळतात. काठी जरूर घ्यावी, पोंचो मात्र वाऱ्यात फाटतो. डोके झाकण्यासाठी रुमाल किंवा ओढणी प्रत्येकाकडे स्वतःची असावी.

खाण्यासाठी राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, खाकरा यांहून चांगले काही नाही. सासूबाईंनी आदल्या रात्री सगळ्यांच्या पिशव्यांत मोजून पाच-पाच लाडू घातले होते. प्रत्येक लाडू चौकोनी कागदात वेगळा बांधलेला होता, म्हणजे बोटे गारठलेली असताना डबा उघडावा लागत नाही. थर्मासमध्ये गरम पाणी घ्यावे. मोठे सामान गोविंदघाटच्या गुरुद्वाऱ्यात ठेवता येते.

चढाईचा दिवस

घोडा, पाठीवर टोपली घेऊन माणूस वाहून नेणारी कंडी आणि चौघांनी उचलायची डंडी किंवा पालखी, असे तीन पर्याय पुलना आणि घांघरिया येथे मिळतात. ठरवलेल्या दराची पावती देणाऱ्या खिडकीवरूनच घ्यावेत. वृद्धांना जाताना घोडा आणि येताना पायी असा बेत पुष्कळ जण करतात. मी वेगळे सांगते. उतारावर घोड्यावर बसणे कंबरेला जड जाते हे खरे, पण थकलेल्या गुडघ्यांनी ६ किलोमीटर उतरणे वृद्धांना त्याहून जड जाते. दोन्ही वाटांचा बंदोबस्त आधीच करून ठेवावा. घोडा नेहमी डोंगराच्या बाजूने जाऊ द्यावा आणि आपण पायी असताना घोडे आले की दरीकडे नव्हे, डोंगराकडे सरकून उभे राहावे.

पहाटे पाचच्या सुमारास निघावे. घांघरियाच्या पुढे थोड्या अंतरावर फुलांच्या घाटीची वाट डावीकडे फुटते. आपण उजवीकडची वाट धरायची. कुटुंबाला वर पोहोचायला पाच-सहा तास लागतात. पहिला तास मुद्दाम हळू चालावे. मधल्या चहाच्या टपऱ्यांवर बसावे, पण दहा मिनिटांहून जास्त बसू नये, कारण घाम गार होतो. शेवटच्या टप्प्यात घोड्यांची वळणावळणांची वाट आणि हजाराहून अधिक पायऱ्यांची सरळ वाट अशा दोन वाटा आहेत. पायऱ्या जवळच्या वाटतात, पण मुलांना आणि वृद्धांना वळणांच्या वाटेनेच न्यावे. वाटेत भेटणारा प्रत्येक जण “वाहेगुरू” म्हणतो. आपणही म्हणावे. आमच्या सासूबाई त्याला “वाहेगुरू, राम कृष्ण हरी” असे उत्तर देत गेल्या, आणि पंजाबातून आलेल्या एका आजींनी तेवढेच ऐकून त्यांचा हात हातात घेतला तो वरच्या निशाण साहिबापर्यंत, म्हणजे गुरुद्वाऱ्याच्या ध्वजापर्यंत, सोडला नाही.

वर पोहोचल्यावर लगेच पाण्यात उतरू नये. आधी लंगरमध्ये बसून गरम चहा आणि खिचडी घ्यावी, अंग शांत होऊ द्यावे. सरोवराचे पाणी बर्फ वितळून आलेले असते. स्नान करायचेच तर पटकन डुबकी घेऊन बाहेर यावे, आणि हृदयविकार, रक्तदाब असणाऱ्यांनी ओंजळभर पाणी डोळ्यांना आणि मस्तकाला लावावे. स्त्रियांसाठी आडोशाची वेगळी सोय आहे. कोरडे कपडे आणि टॉवेल हाताशी ठेवूनच पाण्याजवळ जावे.

दरबारात जाताना बूट जोडाघरात ठेवावेत, पाय धुवावेत, डोके झाकावे. तंबाखू, सिगारेट, दारू जवळही नसावी. गुरू ग्रंथ साहिबासमोर माथा टेकून बाजूला बसावे, पाय पसरू नयेत, ग्रंथाकडे पाठ फिरवू नये. अरदास, म्हणजे प्रार्थना, चालू असताना सगळ्यांबरोबर उभे राहावे. कडाह प्रसाद दोन्ही हातांच्या ओंजळीत घ्यावा. लंगरमध्ये मागितलेले सगळे संपवावे, कारण तिथला प्रत्येक दाणा खालून पाठीवर वाहून आणलेला असतो. वेळ आणि अंगात बळ असेल तर दहा मिनिटे भांडी घासावीत. गरम पाण्याच्या वाफेत हात घालून शीख, मराठी, पहाडी माणसे शेजारी शेजारी थाळ्या विसळताना माझ्या मुलीने पाहिली, आणि त्यानंतर तिला सेवा हा शब्द वेगळा समजवावा लागला नाही.

वर मुक्काम करता येत नाही. दुपारी ढग उतरतात, म्हणून एकच्या आतबाहेर उतरायला लागावे. उतरताना बुटांच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट कराव्यात, म्हणजे अंगठ्यांची नखे काळी पडत नाहीत. आपला कचरा, चिक्कीचे कागद आणि रिकाम्या बाटल्या आपल्याच पिशवीतून खाली आणाव्यात. भ्यूंडार खोऱ्यातील गावकऱ्यांची ईको विकास समिती ही वाट वर्षानुवर्षे झाडत आली आहे.

घांघरियाला पोहोचल्यावर लगेच आडवे होऊ नये. मीठ-साखरेचे पाणी प्यावे, पोटऱ्या चोळाव्यात, कोमट पाण्यात पाय सोडून बसावे, आणि घरातील प्रत्येकाला रात्री झोपण्यापूर्वी एकदा विचारावे, “डोके दुखते का? खरे सांग.” दुसऱ्या दिवशी सावकाश पुलनाला उतरावे. सरोवराचे पाणी घरी आणायचे असेल तर पक्क्या झाकणाची छोटी स्टीलची बाटली न्यावी. आमची बाटली नांदेडला पोहोचल्यावर सासूबाईंनी आधी गुरुद्वाऱ्यात नेऊन माथ्याला लावली आणि मगच देवघरात विठ्ठलाशेजारी ठेवली.